किंकाळी कोणाची?

मैनामावशी दुपारचं जेवण उरकून भाचीच्या स्टुडिओकडे निघाली, तेव्हा भूतखेत तिच्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात होता तो राग. तोही आजचा नव्हे, वर्षानुवर्षं मुरलेला.

तो जुना रहस्यपट तुम्हीही पाहिला असेल. नायिका जिन्याखालच्या खोलीचं दार उघडते, आत बघते आणि किंकाळी फोडते. आत काय होतं, ते शेवटपर्यंत दाखवतच नाहीत. आजोबांनी पाहिला, बापाने पाहिला, आता नातवंडं पाहतात. पुढे काय होणार हे पाठ असूनही त्या दारापाशी सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि तिने आत काय पाहिलं यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. नटीने त्या एका किंकाळीवर जन्मभर वाहवा लाटली. आणि खरी गोष्ट काय? नटीचा घसा तेव्हा बसलेला होता, किंकाळी होती मैनामावशीची! दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज घालायचा हा तिचा धंदा, म्हणून तर लोकांनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली. श्रेयनामावलीत चहा आणणाऱ्याचंही नाव आहे. तिचं नाही.

आता तो सिनेमा आवाज साफसूफ करून नव्याने लागणार होता, आणि काम नेमकं भाचीकडे आलं होतं. "मावशी, तू येऊन तुझा आवाज ओळखून दे," भाची म्हणाली होती. "तुझं नाव पडद्यावर आणायचं माझ्याकडे लागलं."

स्टुडिओ म्हणजे एक बुटकी खोली. भिंतींना जाड कापड, तापलेल्या यंत्रांचा वास. भाचीने दार लोटलं आणि रस्त्यावरची वर्दळ सुरीने कापल्यासारखी थांबली. मावशीला स्वतःच्या बांगड्यासुद्धा मोठ्याने वाजल्यासारख्या वाटल्या.

"त्या दिवशी नेमकं काय झालं होतं गं?" भाचीने विचारलं. तिचा चेहरा उतरलेला होता, पण मावशी आपल्याच तंद्रीत.

"काय व्हायचंय? दिग्दर्शक म्हणाला, रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन माइक बघून या. आत गेले, तर याने बाहेरून कडी घालायला लावली! दिवासुद्धा घालवला. म्हणे खरी भीती हवी. अगं, मी पोटासाठी आवाज देणारी बाई. नुसतं सांगितलं असतं तर हव्या तेवढ्या किंकाळ्या दिल्या असत्या मी! मेल्याने जनावरासारखं कोंडलं मला. किती वेळ गेला कोण जाणे… मग अंधारात खांद्यावर हात पडला. गारगार. तेव्हा ओरडले. आतच लपून बसला होता नालायक!"

"आत नव्हता तो, मावशी." भाची हळूच म्हणाली. "टेपवर त्याचं बोलणं आहे. काचेपलीकडून बोलतोय. सगळेच बाहेर होते."

"मग हात…?"

भाचीने एक हेडफोन मावशीच्या कानांवर चढवला, दुसरा स्वतःच्या. "आवाज मी वेगवेगळे केलेत. ऐक."

आधी शांतता. मग धापा टाकणारा श्वास. हा आपला, मावशीने ओळखला. पण त्याच्या अलीकडे दुसराही श्वास होता… संथ. वाट पाहणारा. आणि मग ती किंकाळी, साऱ्या जगाला पाठ असलेली.

"ही माझी नाही," मावशीच्या तोंडून निसटलं.

तिच्या मागोमाग, लांबून, एक चिरकी, तुटकी किंकाळी आली.

"ही… ही माझी."

"सिनेमात ऐकू येते ती पहिली," भाची म्हणाली. "ती माइकला अगदी खेटून आहे. तू मागे आहेस."

मावशी सुन्न झाली. जन्मभर जिच्यासाठी भांडली, ती किंकाळी तिची नव्हतीच! लुटल्यासारखं वाटलं तिला. पण तो राग विझायच्या आतच त्याच्याखालून दुसरा उसळला, आधीपेक्षा मोठा. "म्हणजे माझ्याआधी त्या खोलीत आणखी कोणालातरी कोंडलं होतं मेल्यांनी… आणि काढलंच नाही?"

"पुढे आहे अजून."

कानात दिग्दर्शकाचा खूश आवाज आला. 'वा, झकास! अशीच आणखी एक घेऊ.' मावशीला यातलं काही आठवेना. आठवणार कसं? ओरडताक्षणी ती बेशुद्ध पडली होती, उचलून बाहेर आणलं होतं तिला. तरी टेपवर कोणीतरी उत्तर दिलं. बाईमाणसाचा आवाज, थकलेला, हुकूम ऐकायची सवय झालेला.

'घेते साहेब… पण आता तरी कडी काढाल ना?'

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हेडफोन ओरबाडून काढला. "ऐकलंस? वर 'साहेब' म्हणतेय त्याला! माझं नाव राहू दे. आधी ही कोण ते शोध!"

भाची पांढरीफटक पडली होती.

"मावशी… काल ती नुसतं 'घेते साहेब' म्हणाली होती. रात्रीपासून टेपला मी हातही लावलेला नाही. कडीचं… कडीचं ती आज पहिल्यांदा बोलली."

मावशीने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला.

"परत लाव," ती म्हणाली. "तिला आणखी काय सांगायचंय ते ऐकू दे मला."