पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला शेवटचा भाग माझ्या स्वतःच्या खांद्यावर घडलाय. बाकीचं मिंगनं आणि त्याच्या बायकोनं सांगितलं. इतक्या वर्षांच्या शेजारात ती दोघं माझ्याशी कधी खोटं बोललेली नाहीत.

जागा क्वालालंपूरमधली. पुडू बाजारामागचं मोकळं मैदान.

वेळ गेल्या वर्षीच्या सातव्या चिनी महिन्यातली. शनिवारची संध्याकाळ.

योंग तेक-मिंग माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. आलेल्या पर्यटकांना शहर दाखवायचं काम करतो. स्वतःची व्हॅन आहे. सकाळी गुहेतलं मुरुगनचं देऊळ, मग मशीद, दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी जुळ्या मनोऱ्यांसमोर फोटो. जिभेवर साखर आहे त्याच्या. लोक परत गेले की फोनवर त्याला पाचपैकी तारे देतात आणि त्या ताऱ्यांवर त्याचं घर चालतं.

त्याची आई पुडू बाजारात नूडल्सची गाडी लावायची. सारा जन्म उभ्यानं गेला बाईचा. खाली सांडपाणी, म्हणून पायाखाली एक लाकडी फळी. पायांच्या शिरा फुगलेल्या, पोटऱ्यांना कायम पट्ट्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला की फळी वाजायची.

कर्र... कर्र...

मिंगचं शिक्षण, लग्न, व्हॅन, सगळं त्या फळीवर उभं राहून झालं.

गाडीसमोरच्या मैदानात दर सातव्या महिन्यात गाण्यांचा मंच लागतो. त्या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी असते म्हणतात. ते घरी येतात, जेवतात, गाणी ऐकतात. म्हणून मंचासमोरची पहिली रांग त्यांची. लाल खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. जिवंत माणूस तिथे टेकत नाही.

आई गाडीमागून उभ्यानंच गाणी ऐकायची.

"पहिल्या रांगेत बसायचं तर मरावंच लागतं बाबा," ती म्हणायची. "एकदा मरू दे, मग बघ कशी ऐसपैस बसते ते."

"मी कॉफी आणून देईन तुला तिथे," मिंग म्हणायचा.

"जिवंतपणी कधी दिलीस का रे मेल्या?"

दोघंही हसायची.

चिनी नववर्षाचे फटाके वाजून गेले आणि पाठोपाठ ती गेली. गाडी विकली. फळी तेवढी मिंगनं घरी आणून गॅलरीत ठेवली.

तिच्या सुट्टीचा तो पहिलाच महिना होता.

त्या शनिवारी दुपारी मिंगच्या बायकोचा, सुक-लानचा फोन आला. "मैदानात जाऊन आले. डावीकडची शेवटची खुर्ची आईंची. उशी घातलीय, उदबत्ती लावलीय, नळी खोचलेली तयार कॉफीची पिशवी ठेवलीय. तू फक्त जाऊन हाक मार. लेकानं हाक मारल्याशिवाय त्या यायच्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या नादात विसरशील."

"एवढा काय मी विसराळू आहे?"

"एवढाच आहेस. म्हणून तर फोन केला."

त्या दिवशी त्याच्याबरोबर हॉलंडहून आलेली काही म्हातारी मंडळी होती. त्यात हेन्रिएट नावाच्या एक बाई. हातात काठी, गुडघे गेलेले. दिवस सकाळपासूनच वाकडा निघाला होता. गुहेपाशी पाऊस, मग रस्ते तुंबलेले, मनोरे ढगात बुडालेले. बाईंनी दुपारीच सुनावलं होतं, "मिंग, तुमच्याविषयी चांगलं लिहावं असं अजून काही घडलेलं नाही."

मिंगनं हुकमाचा पत्ता काढला. त्यांना पुडूच्या मैदानात नेलं. हे काही परदेशी माणसाला सहसा बघायला मिळत नाही.

मैदान तुडुंब भरलेलं. बाकीच्यांनी मागे उभं राहून फोटो काढले. हेन्रिएटबाईंचे पाय मात्र थरथरत होते.

"मला बसायला हवं. आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या. "पुढे एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत की."

मिंगला एक वाक्य बोलायचं होतं. त्या मेलेल्यांच्या आहेत, एवढंच. बाईंनी समजूनही घेतलं असतं. मागे कुणालाही हात जोडले असते तर त्यानं जागा दिली असती.

पण त्याला तारे दिसत होते.

दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाला उठवायची त्याची छाती नव्हती. शाप घेऊन कोण जगणार? पण डावीकडची शेवटची खुर्ची त्याच्या घरची होती. आई काय, आपलीच. तिला सवय आहे. ती थोडीच रागावणार?

त्यानं कॉफीची पिशवी उचलली. जळती उदबत्ती उपटून चिखलात खोचली.

मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "ए पोरा, ती कुणाची खुर्ची आहे ठाऊक आहे ना?"

"माझ्याच घरची आहे, काका."

"मग तुझं तू बघ."

बाई बसल्या. उशी मऊ होती. मिंगनं कॉफीही त्यांच्याच हातात दिली. बाई पहिल्यांदा हसल्या.

आईला हाक मारायची राहिली ती राहिलीच. पण तोंड तरी कुठलं होतं हाक मारायला?

गाणारी मुलगी मंचावर आली. आधी पहिल्या रांगेला वाकून नमस्कार करायची रीत आहे. ती उजवीकडून एकेका खुर्चीला वाकत वाकत डावीकडे आली.

आणि थांबली.

तिनं बाईंकडे पाहिलंच नाही. ती बघत होती बाईंच्या जरा वर... शेजारी... कुणी उभं असावं तिथे.

त्या रिकाम्या जागेला तिनं वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात हेन्रिएटबाईंनी मागे वळून त्याला बोलावलं.

"त्यांना कुणीतरी बसायला द्या ना. केव्हाच्या उभ्या आहेत."

"कोण?"

"या काय, इथे..." बाईंनी बाजूला पाहिलं. "आत्ता तर होत्या. फुलाफुलांचा पायजमा. पोटऱ्यांना पट्ट्या बांधलेल्या."

मिंगनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी उठत होते हो," बाई म्हणाल्या. "त्यांनीच खांदा दाबून बसवलं मला. हात फार गार होता त्यांचा. आजारी आहेत का?"

मंचावर गाणं सुरू झालं होतं. तरी त्याला ऐकू आलं. खुर्चीच्या अगदी शेजारून. खाली तर चिखल होता, लाकूड कुठेच नव्हतं.

कर्र... कर्र...

त्यानं बाईंना कसंबसं हॉटेलवर सोडलं. पुढे त्याला पाचही तारे मिळाले. बाईंनी भरभरून लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुक-लान भात लावत होती. गॅलरीतून आवाज आला. तिला वाटलं मिंग असेल. तो तर तिच्या समोर बसून भाजी चिरत होता.

दोघांनी गॅलरीत पाहिलं. फळी एकटीच. कुणी नाही.

"आई आल्यात," सुक-लान हळूच म्हणाली. तिला आनंद झाला होता. "पण उभ्या का? बसत का नाहीत?"

तेव्हा मिंगनं सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. तेच त्याला जास्त लागलं. फक्त म्हणाली, "चाळीस खुर्च्या होत्या रे तिथे. तुला आईच सापडली?"

पूजेचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन त्यानं कागदाची खुर्ची करून घेतली. हातांची, मऊ गादीची. कागदाची वस्तू जाळली की ती वरच्यांना पोचते.

दुकानदार हसला. "लोक बंगला जाळतात, मोटार जाळतात. तू खुर्चीवर भागवतोस? चिकटच आहेस."

मिंगनं खुर्ची पेटवली. पाठ जळली. हात जळले. पाय जळले.

बसायची गादी काही जळेना. काळीसुद्धा पडली नाही.

महिन्याच्या शेवटच्या कार्यक्रमाला तो मैदानात गेला. तीच खुर्ची, तीच उशी, गरम कॉफी. स्वतः शेजारी उभा राहिला. लोकांच्या देखत हाका मारल्या. "आई, ये. बस ना गं. आई, चुकलं माझं."

उदबत्ती लावली की विझायची. वारा नव्हता. बाकीच्या साऱ्या खुर्च्यांपुढच्या उदबत्त्या जळत होत्या.

महिना संपला. सगळे मेलेले आपापल्या जागी परत गेले म्हणतात.

फळी मात्र वाजत राहिली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. या चिनी नववर्षाला मी रीतीप्रमाणे संत्री घेऊन त्यांच्याकडे गेले. घरभर पाहुणे. सुक-लानचे भाऊ, शेजारची परमेश्वरी अक्का, खालचे रोस्लीकाका. सगळे बसून खात होते, हसत होते. मिंग तेवढा भिंतीपाशी उभा, हातात ताटली.

"अरे, यजमानच उभा? बस की," मी म्हणाले.

"तुम्ही बसा, ताई."

मी खुर्ची ओढली. बसू की त्याला देऊ, असा विचार करत जराशी अडखळले...

आणि कुणीतरी माझा खांदा दाबला.

हलकेच. घरात आलेल्याला प्रेमानं बसवतात तसा. पंजा लहान होता. बर्फासारखा गार.

मी बसले. वळून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं.

मिंग माझ्याकडे बघत होता. माझा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं.

"तुम्हालाही बसवलं ना?" त्यानं विचारलं. "येईल त्याला बसवते. पोराटोरांनासुद्धा."

त्या दिवशी त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गॅलरीचं दार उघडंच होतं. सांगताना तो मधूनमधून थांबायचा. काहीतरी ऐकल्यासारखा. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायचा. त्याच्या पोटऱ्यांनाही आता पट्ट्या बांधलेल्या आहेत.

"अरे, मग तूही बस ना आता," मी म्हणाले. "आईच ती. किती दिवस राग धरेल?"

त्यानं मान हलवली.

"रागावली असती तर बरं झालं असतं, ताई. घरात मी आणि ती, दोघंच उभी असतो. मी रोज वाट बघतो." त्यानं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "मला एकदाही बस म्हणालेली नाही."

मी खाली माझ्या घरी आले. तेव्हापासून रिकाम्या खुर्चीत बसताना मी थोडी थांबते. आजही थांबले होते.

वरून आवाज येतोय. आता मात्र दोन फळ्यांचा येतो.