काकडीचा अर्धा वाटा

मावशीचा दिवस काकड्यांनी सुरू व्हायचा. सकाळी साडेसातला सायकल भिंतीला टेकवायची, रबरी बूट चढवायचे, ओट्यावर काकड्या, कोबी आणि उकडलेली रताळी मांडायची आणि सुरी हातात घ्यायची. सहा थाळ्या. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत सात होत्या. अजूनही तिचा हात सातवीकडे जायचा आणि मग ती स्वतःवरच वैतागायची.

केंद्र वस्तीपासून लांब, नदीपलीकडे होतं. सर्कशीतून सोडवलेले, कुणाच्या बंगल्यातून जप्त केलेले चिंपांझी उरलेलं आयुष्य काढायला तिथे यायचे. मावशीला तिथे सव्वीस वर्षं झाली होती. तिचा नवरा, बस चालवून निवृत्त झालेला माणूस, रोज संध्याकाळी विचारायचा, "काय म्हणतात तुझी माकडं?"

"माकडांना शेपूट असतं," ती रोज सांगायची. "यांना तुमच्याएवढंच आहे."

सातवी थाळी आक्काची. आक्का म्हणजे कळपातली सगळ्यात थोरली मादी. गरम पाण्याच्या पाइपाशेजारची फळी तिची. मुकादम, म्हणजे कळपाचा दांडगा म्होरक्या, तोसुद्धा तिथे बसायची हिंमत करायचा नाही. पाणी पिण्याआधी ती मनगटाने टाकीवर ठोकायची. दोनदा, मग थांबून एकदा. का, ते तिचं तिला ठाऊक. पण तिचं बघून सगळा कळप तसंच ठोकायला लागला होता. बघून शिकण्यात चिंपांझींचा हात कुणी धरणार नाही.

केंद्रात एक रीत होती. ब्रश, टोपी, बटण, काहीही चुकून आत पडलं तर ओरडायचं नाही. जाळीशी बसायचं, काकडी दाखवायची आणि हात पुढे करायचा. वस्तू द्या, काकडी घ्या. हा सौदा चिंपांझी चार दिवसांत शिकतात आणि आठव्या दिवशी फसवायला लागतात. एका टोपीच्या चार चिंध्या करून चार काकड्या उकळतात. आक्का असलं काही करायची नाही. ती वस्तू द्यायची, काकडी घ्यायची, मोडायची आणि अर्धी मावशीच्या तळहातावर ठेवायची. मावशीने खाल्ल्याशिवाय आपल्या तोंडाला लावायची नाही.

तीन वर्षांपूर्वी हे बंद झालं. का बंद झालं, ते फक्त त्या दोघींना ठाऊक होतं.

त्या वर्षी एक अनाथ पिल्लू आलं होतं. सगळे त्याला चिमणी म्हणायचे. कळपात परकं पिल्लू एकदम सोडलं तर नर त्याला फाडून काढतात, म्हणून ते शेजारच्या खोलीत होतं आणि मध्ये वर सरकणारं लोखंडी शटर होतं. शटर खाली ओढलं की कडेच्या भोकात खीळ घालायची, नाहीतर मुकादमासारखा गडी ते बोटांनी उचलतो. खीळ बोटभर लांबीची, आणि ती चटकन दिसावी म्हणून मावशीने तिला लाल लोकर गुंडाळली होती. त्या दिवशी ती खीळ मावशीच्या खिशातच राहिली. बस, एवढंच झालं होतं.

चिमणीचं ओरडणं फार वेळ चाललं नाही.

"भोक झिजून खीळ निसटली असणार," मावशीने सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. पण तिने खिशातून खीळ काढून मुठीत लपवली, तेव्हा आक्का जाळीपलीकडे बसून तिच्या मुठीकडे बघत होती. त्या संध्याकाळी मावशीने सायकल पुलावर थांबवली आणि खीळ नदीत टाकली. पुढे तीन वर्षं आक्काने मावशीच्या हातून थाळी घेतली, औषध घेतलं, पण सौदा एकदाही केला नाही. मावशी काकडी पुढे करायची, आक्का पाठ फिरवायची. मग एका सकाळी ती पाइपाशेजारी निजलेलीच सापडली आणि मावशीचं माफी मागायचं राहूनच गेलं.

आता पाहुणी आली होती.

चारेक वर्षांची मादी, फार लांबून खोक्यात बंद होऊन आलेली. अंगावरचे केस उपटून उपटून तिने हात उघडे केले होते. तिला अंगणाच्या पार टोकाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. तिथून कळप दिसत नव्हता, त्यांचा आवाजही पोचत नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

डॉक्टरीणबाई मावशीच्या मुलीच्या वयाची, पण कामात चोख. तिने आडपडदा ठेवला नाही. "मावशी, एकच संधी आहे. कळपाने घेतलं तर राहील. नाहीतर तिला दुसरीकडे पाठवायचं, तिथे एकटीला पिंजऱ्यात. अशी ती वर्षभरही काढायची नाही. आणि शटर तुम्हीच उघडायचं. तुमच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही."

मावशीला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आठव्या दिवशी मावशीने रोजच्यासारखी पाहुणीपुढे पाण्याची बादली ठेवली. पाहुणी वळली. बादलीवर मनगटाने ठोकलं. दोनदा. मग थांबून एकदा. आणि प्यायली.

मावशीने जाऊन डॉक्टरीणबाईला सांगितलं.

"तुम्हीच बादली ठेवताना ठोकत असाल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तिने उचललं. इतक्या वर्षांत तुम्हालाही सवय लागली असेल की."

मावशीला ते पटलं. खरं म्हणजे तिने पटवून घेतलं. त्यानंतर चार दिवस ती बादली ठेवताना स्वतःच्या मनगटावर नजर ठेवून होती. मनगट कुठेच लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात कळपाचंही काहीतरी बिनसलं. आक्काची फळी तीन महिने रिकामी होती, त्यात नवल नव्हतं. तेही दुःख करतात. पण आता फळीवर कोरडं गवत येऊन पडायला लागलं. निजायला करतात तसं गोल, मध्ये खोलगट. रोज ताजं. मग गवतात रताळ्याचा तुकडा दिसला, मग काकडी. सव्वीस वर्षांत मावशीने चिंपांझींना काकडीवरून एकमेकांची कानशिलं फोडताना पाहिलं होतं. कुणासाठी वाटा बाजूला काढून ठेवताना पाहिलं नव्हतं. भर दुपारी भूक लागली तरी त्या वाट्याला कुणी हात लावत नव्हतं.

मुकादम तर दिवसभर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिंतीपलीकडे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला ती खोली.

"गंध जात असेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. पण वहीत लिहायला तिने पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं.

शटर उघडायचा दिवस उजाडला. रात्री मावशीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवऱ्याने डबा हातात देताना पहिल्यांदाच माकडांवरून चेष्टा केली नाही. "जा," तो एवढंच म्हणाला, "होईल सगळं नीट."

पाहुणीला शेजारच्या खोलीत आणलं. चिमणीच्याच खोलीत. डॉक्टरीणबाई पाण्याचा पाइप घेऊन तयार होती. मारामारी झाली तर फवारा मारायचा. मावशीने नवी खीळ काढली, ती आधी डॉक्टरीणबाईला दाखवली आणि मगच साखळी ओढली.

शटर कुरकुरत वर गेलं.

मुकादमाच्या अंगावरचा केस न् केस उभा होता. तो दारात आला, दोन्ही मुठी टेकवून.

पाहुणी हलली नाही.

मावशीने साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मुकादम बाजूला झाला.

त्याने मान खाली घातली आणि हात पुढे केला, मनगट वर करून. हे तो एकीपुढेच करायचा.

पाहुणीने त्याच्या मनगटाला ओठ लावले. मग ती सगळ्यांच्या मधून चालत गेली, इकडेतिकडे न बघता, सरळ पाइपाशेजारच्या फळीवर. गवतात बसली. ठेवलेली काकडी उचलली आणि खायला लागली. बाकीचे एकेक करून तिच्याभोवती जमले आणि तिच्या उघड्या हातांवरची खपलीन् खपली साफ करू लागले.

डॉक्टरीणबाईने पाइप खाली टाकला. "घेतलं हो, मावशी," ती म्हणाली. "घेतलं तिला." मावशी उलट्या बादलीवर बसली आणि पोटभर रडली. तीन वर्षांत तिला असं मोकळं वाटलं नव्हतं.

दुपारी कळप पेंगत असताना पाहुणी जाळीशी आली. उजवी मूठ बंद. तिने मूठ पुढे केली आणि डावा तळहात पसरला.

"अगंबाई, सौदा? पहिल्याच दिवशी?" मावशीला हसू आलं. तिने काकडी धरली आणि आपला हात पुढे केला.

पाहुणीने मूठ उघडली.

खीळ होती. बोटभर लांब, गंजलेली. भोवती लाल लोकर, मावशीच्या हातची गाठ.

मावशीने काकडी कशी दिली ते तिला आठवत नाही. पाहुणीने ती मोडली. अर्धी मावशीच्या तळहातावर ठेवली आणि उरलेली हातात धरून बसून राहिली. वाट बघत.

मावशीने खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत संपवली. मग पाहुणीने आपला घास घेतला.

त्यानंतर मावशी थेट डॉक्टरीणबाईच्या खोलीत गेली, खीळ टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईने वही पुढे ओढली.

"भोक झिजलेलं नव्हतं. मी तेव्हाच बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होते. लिहावं लागेल मला. पण तुमच्यावाचून इथलं चालणार नाही, तेही लिहीन." मग तिने खीळ हातात घेतली. "कुठे लपवली होती एवढे दिवस?"

"पुलावरून नदीत टाकली होती."

डॉक्टरीणबाईने खीळ पुन्हा टेबलावर ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली.

त्याला आता महिना होत आला. पाहुणी अंगाने भरली आहे, हातांवर केस आले आहेत. मावशीला शांत झोप लागते आणि सकाळी ती न चुकता सात थाळ्या मांडते. खीळ डॉक्टरीणबाईच्या खणात आहे. दोघींपैकी जी आधी येईल, ती खणातलं पाणी पुसते. लोकर अजून वाळलेली नाही.