विलेमची दुसरी बायको

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो नीळकंठ आजही त्याच घरात राहतो. नेदरलँड्समध्ये, नायमेखनला.

तारीख बारा जानेवारी २०२५. रविवार.

रात्र नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते.

नीळकंठची बायको वल्लरी ऑक्टोबरमध्ये कॅन्सरने गेली. त्याआधी दोन वर्षं ती घरीच होती. वेळ जावा म्हणून तिने एक काम घेतलं होतं. अमेरिकेतल्या युटामध्ये राहणाऱ्या एका बाईंना त्यांच्या पूर्वजांची माहिती हवी होती. त्यांचे खापरपणजोबा विलेम नायमेखनजवळच्या एका गावचे. दीडशे वर्षांपूर्वी मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेले आणि बायकोला घेऊन युटाला वस्ती करायला निघाले.

मॉर्मन लोक मानतात की नवराबायकोचं नातं मरणानंतरही टिकू शकतं. म्हणून वंशावळीत एकही नाव सुटलेलं त्यांना चालत नाही.

आणि इथे एक नाव सुटलं होतं.

विलेमची पहिली बायको वाटेतच वारली. त्याने दुसरं लग्न केलं, एवढी नोंद होती. पण ती बाई कोण, ते कुठेच सापडत नव्हतं. वल्लरीने वहीत वंशावळ काढली होती. त्यात दुसऱ्या बायकोची चौकट रिकामी होती.

वल्लरी वरच्या खोलीत बसून विलेमने भावाला लिहिलेली जुनी डच पत्रं वाचायची. मोठ्याने.

"काय म्हणतो तुझा विलेम?" नीळकंठ विचारायचा.

"म्हणतो, एकट्याला घर खायला उठतं. किती छान लिहितो रे! तू मला कधी दोन ओळी तरी लिहिल्यास?"

"एका घरात राहून पत्र कसलं लिहायचं?"

"मग जळू नकोस."

तो हसायचा. पण जळायचा. शेवटच्या महिन्यांत ती त्याच्याशी कमी आणि त्या पत्रांशी जास्त बोलायची.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी साडेचारला वरून आवाज आला...

खुर्ची सरकल्याचा.

मग पान उलटल्याचा.

नीळकंठ घाबरला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. तो चहाचा कप घेऊन जिन्यात उभा राहिला आणि ऐकत राहिला.

मग रोज आवाज येऊ लागला. रोज साडेचारला.

महिनाभराने त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ती स्वयंपाकघरात येत नव्हती. झोपायच्या खोलीत येत नव्हती. तो हाका मारायचा तेव्हा वर एकदम शांत व्हायचं.

ती येत होती...

पण त्याच्यासाठी नाही.

त्याने आइंडहोवनला अभिरामला फोन केला. अभिराम म्हणजे वल्लरीचा धाकटा भाऊ.

"दाजी, दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्यावर जळताय? ताई असती तर पोट धरून हसली असती. चार दिवस या इकडे. पिठलं खाऊ घालतो."

"मी तिकडे आलो, तर इथे ते दोघंच राहतील."

अभिराम त्यानंतर हसला नाही.

बारा जानेवारीला नीळकंठने ठरवलं. सगळी पत्रं आणि वही खोक्यात भरायची आणि युटाला पाठवून द्यायची. खोकं घेऊन तो वर गेला. बाहेर अंधारून आलं होतं. दाराशीच तो थांबला.

आतून वल्लरीचा आवाज येत होता.

ती वाचत नव्हती. बोलत होती. डचमध्ये.

एक वाक्य बोलायची आणि थांबायची. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढीच थांबायची. मग पुन्हा बोलायची.

आणि मग ती हसली...

आजारपणात दोन वर्षं ती तशी हसली नव्हती.

त्याने दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. वही उघडी होती. दुसऱ्या बायकोच्या चौकटीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

सगळी वही डचमध्ये होती. ही एकच ओळ मराठीत. अक्षर तिचंच.

'वल्लरी विलेम.'

आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. हे त्या विलेमला कुठून ठाऊक असणार? म्हणजे ते तिनेच लिहिलं होतं.

नीळकंठच्या डोक्यात सणक गेली. त्याने खोडरबर उचललं. कागद फाटायची वेळ आली, इतकं खोडलं. आणि वर दाबून लिहिलं, 'वल्लरी नीळकंठ.'

खुर्ची मागे सरकली.

जिन्यात पावलं वाजली. आधी जड बुटांची. एक पायरी, मग थांबणं. पुढची पायरी, मग थांबणं. त्यामागून हलकी पावलं. तिची.

उभ्या, अरुंद जिन्यावरून कुणाचा तरी हात धरून सावकाश उतरवावं, तशी ती पावलं उतरत होती. आजारपणात नीळकंठ तिला तसाच उतरवायचा. रोज.

"वल्लरी!" तो ओरडला.

हलकी पावलं थांबली...

क्षणभरच.

मग खाली उतरली. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. तरी घर रिकामं झालेलं त्याला कळलं.

त्या दिवसापासून वरून आवाज येत नाही. अभिराम म्हणतो, "दाजी, सुटलात." तो म्हणतो की ते नाव नीळकंठनेच झोपेत लिहिलं असेल. नीळकंठ वाद घालत नाही.

त्याला भुताची भीती वाटत नाही. त्याची भीती वेगळीच आहे.

आज ना उद्या तोही जाईल. ती जिथे असेल तिथे पोहोचेल. दार वाजवेल.

आणि आतून जड बुटांची पावलं दाराकडे आली तर...

नीळकंठ स्वतःला कोण म्हणून सांगणार?