काचेची बटणं

“पाणी हवंय.”

मागच्या टेबलावरून आवाज आला आणि मी उठले. जगमधून ग्लास भरला, वळले आणि त्या आवाजाच्या मालकासमोर नेऊन ठेवला. सवयीने विचारलंसुद्धा, “गार की साधं?”

तो माझ्याकडे बघत राहिला. हॉटेलातला पोऱ्याही बघत राहिला. बाहेर खालापूरच्या एसटी थांब्यावर परतीचा पाऊस तिरपा पडत होता, आणि माझ्या हातातल्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं.

“तुम्ही इथे काम करता?” त्याने विचारलं.

“नाही. मी कर्जतच्या कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते.”

“असं होय… मग साधं चालेल.”

माझे कान तापले. पण आवाज तोच होता. शेवटाला जरासा खाली उतरणारा, मागितल्यापेक्षा सांगितल्यासारखा. दोन वर्षं तो रोज आमच्या घरात बोलत होता.

“‘बोलका’ नावाचं एक ॲप आहे,” मी म्हटलं. “त्यातला आवाज… तुमचा आहे का?”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “ते अजून कोणी वापरतं?”

“माझे वडील. म्हणजे, मागच्या महिन्यापर्यंत वापरायचे.”

मी उभ्यानेच सांगितलं. अप्पा भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये होते. निवृत्तीनंतर मेंदूला झटका आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत पोचायचा नाही. टॅबवरचं चित्र दाबलं की हा आवाज त्यांच्या वतीने बोलायचा. मग टॅबची सिस्टिम आपोआप नवी झाली. नव्या सिस्टिममध्ये सगळं काचेचं. बटणांमागचं चित्र बटणांतून दिसायला लागलं, अक्षरं त्यावर तरंगायला लागली, ओळी वर सरकल्या. अप्पांनी सवयीच्या जागी बोट टेकवलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा टेकवलं. मग त्यांनी टॅब पालथा घातला आणि तेव्हापासून ते खुणाही करत नव्हते.

“कंपनीला मी ईमेल केली होती.”

“कंपनी म्हणजे मीच,” तो म्हणाला. “आणि ती ईमेल मी उघडत नाही.” त्याने ग्लास टेबलावर फिरवला. “आईसाठी बनवलं होतं ते. आई गेली. त्यानंतर मी ते उघडलेलं नाही, उघडणारही नाही. माफ करा.”

मी चहाचे पैसे दिले, छत्री उघडली. पायरीवर असताना मागून आवाज आला.

“ऐका. कर्जतला कुठे?”

“दहिवलीला.”

“साधं पाणी मिळेल ना तिथे?”

त्याचं नाव अजेय. रविवारी तो मोटारसायकलवरून ओलाचिंब होऊन आला. दार द्वारकाबाईंनी उघडलं. त्या कळंबहून येतात, दिवसभर अप्पांचं बघतात. “अबोलीताई आहेत का?” एवढं तो बोलला आणि त्या थबकल्या.

“अगं बाय. आपला टॅब मानूस होऊन आला,” त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात येऊन, “दिसायला बी बरा हाय गं.”

“द्वारकाबाई, त्यांना ऐकू जातंय.”

“जाऊ दे की. लाजायचं तुमी, मी कशाला लाजू?”

आम्ही अप्पांच्या दोन बाजूंना बसलो. मी प्रयोगशाळेतून प्रकाश मोजायचं मीटर आणलं होतं. खिडकीजवळ, पलंगावर, दिवा लावून, दिवा मालवून — कोणत्या उजेडात अक्षर मागच्या चित्रात बुडतं ते मी सांगत होते, आणि तो रंग बदलत होता.

“दिसतं मात्र सुंदर, नाही? ही काच…” तो म्हणाला.

“सुंदर आहे. वाचता येत नाही.”

“माणसांबद्दलही तुम्ही असंच बोलता?”

“माणसांबद्दल मी बोलत नाही.”

तो हसला. मी मीटरकडे बघत राहिले, पण काटा कुठे होता ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही.

रंग सोपे होते. पिवळं बटण, काळी कड, आरपार काही नाही. खरी अडचण जागेची होती. अप्पा वाचत नव्हतेच, त्यांच्या बोटाला जागा आठवत होत्या, आणि नवी सिस्टिम खालची पट्टी स्वतःसाठी ठेवून आमची ओळ वर ढकलत होती. त्या एका ओळीसाठी अजेय रविवारमागून रविवार आला. काम चालू असताना तो खालचा ओठ दातांत धरायचा. ओळ पुन्हा वर सरकली की माझ्याकडे बघायचा, जणू मीच सरकवली.

बटणं तपासायला कोणीतरी ती दाबायला हवीत. त्याने नियम काढला: तपासणी चालू असताना तोंडाने बोलायचं नाही, बटणांनीच बोलायचं.

त्याने दाबलं, ‘भूक लागली.’

मी दाबलं, ‘नको.’

‘दुखतंय.’

‘नको.’

‘कंटाळा आला.’

मी विचार केला आणि दाबलं, ‘खिडकी उघडा.’

तो खरंच उठला आणि त्याने खिडकी उघडली. ओल्या भाताचा वास आत आला. वळून तो तिथेच उभा राहिला, खांद्यावर उजेड घेऊन, आणि मी नजर काढून घ्यायला हवी होती तेवढ्या वेळात काढली नाही… तेव्हा अप्पांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. त्यांचं बोट उठलं, खालच्या ओळीवर टेकलं.

“चहा हवाय,” टॅब म्हणाला.

“टाकते, अप्पा, आत्ता टाकते,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावतच आत गेल्या. अजेयने टॅबच्या मागून माझा हात शोधला. मी तो तिथेच राहू दिला.

सुख माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, आणि मी ते तेव्हा ओळखलं होतं.

दिवाळीनंतर अप्पांना दुसरा झटका आला. पनवेलला नेलं. डॉक्टर सरळ बोलले. असे लहान झटके येत राहतील. आता फक्त बोलणं नाही, आतले शब्दही जातील. “बटण काय करणार,” ते म्हणाले, “आत काही मागायचं उरलं तर पाहिजे.” अजेय कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. शेजारी खुर्ची रिकामी होती, तो बसला नाही.

घरी आल्यावर अप्पा पाणी हवं असताना चहा दाबायला लागले. चहा आला की चिडायचे. कधी बोट नुसतंच बटणांवरून फिरायचं, भिंतीवरून फिरवावं तसं. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे, आणि हे कोणत्या दिशेला चाललंय ते समजायला आकडेही लागत नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी अजेय आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो. माथेरानचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला होता.

“ॲप आता नीट चालतंय,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हणजे मला यायला कारण उरलं नाही.”

“कारण लागतं?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “अबोली, मी तुझ्यासाठीच येत होतो. पहिल्या रविवारपासून. त्या ओळीचं काम एका दिवसाचं होतं.”

“मला माहीत होतं,” मी म्हटलं.

“पण आता दारात आलो की पाय थांबतात. आई शेवटी-शेवटी अशीच बोट फिरवायची. दिवसभर माझाच आवाज. पाणी हवंय, पाणी हवंय… पाणी दिलं की तोंड फिरवायची. तिला काय हवं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते पुन्हा समोर बसून बघणं… मला नाही जमणार गं. प्रयत्न केला. नाही जमत.”

मी त्याला म्हणू शकले असते, मी आहे ना. पण मी अप्पांच्या पलंगापाशी असणार होते आणि तो दारात. त्याला धरायला मी कुठून वेळ आणणार होते? माझ्यात एकाला पुरेल एवढंच बळ होतं, आणि ते कोणाचं हे ठरलेलं होतं.

“मी अप्पांना सोडून येऊ शकत नाही,” मी म्हटलं.

“मी ते मागणारही नाही.”

पायरी थंड होती. त्याने माझा हात घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. तळवा ओला झाला तेव्हा मला कळलं की तो रडतोय.

“जायच्या आधी एक करतो,” तो मग म्हणाला. “सिस्टिममध्ये तयार आवाज आलेत. एक बाईचा आहे, चांगला आहे. माझा काढून तो घालतो. तुला… सोपं जाईल.”

“नको.”

“अबोली—”

“अप्पा दुसरा आवाज ओळखणार नाहीत.” हे खरं होतं. सगळं कारण ते नव्हतं.

आम्ही आत गेलो. तो अप्पांजवळ बसला. “अप्पा, एखादं बटण राहिलंय का? काही हवंय?”

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट पडद्यावरून उठलं, हवेत चाचपडलं आणि माझ्या दिशेने थांबलं.

अजेयला लगेच समजलं. त्याचा चेहरा पडला. “आईनेही असंच माझ्याकडे बोट केलं होतं,” तो हळू म्हणाला. “मी म्हटलं, मी तर समोरच आहे, माझं बटण कशाला.”

त्याने मला खिडकीत उभं करून बटणासाठी फोटो काढला. मग टॅब तोंडाजवळ धरला, क्षणभर डोळे मिटले.

“अबोली.”

त्याने ते वाजवून ऐकलं आणि घाईने बंद केलं. “हे नको. हे… पुन्हा घेतो.” दुसऱ्यांदा नाव स्वच्छ आलं, सपाट, पाणी आणि चहासारखं. “हे ठीक आहे,” तो म्हणाला.

“पहिलं ठेव.”

“अप्पांच्या तोंडी ते—”

“पहिलं ठेव, अजेय.”

त्याने पहिलं ठेवलं. पिवळं बटण, काळी कड, खालच्या ओळीत अंगठ्याजवळ. अप्पांच्या पाया पडला. द्वारकाबाईंनी डब्यात लाडू भरून त्याच्या हातात दिले.

कापलेल्या शेतांमधल्या रस्त्याने मोटारसायकल जाताना दिसत होती, मग नुसती ऐकू येत होती, मग तेही नाही. मी दारात उभी होते.

आतून मला हाक आली. “अबोली.”

“आले,” मी म्हटलं, आणि आत गेले.