बर्फाखालची चौकशी

धरणावरच्या वाटेनं मी का जात नाही, असं विचारताय ना, तर सांगते. शेगडी पेटलीय, सरका जवळ.

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या ओटागोच्या डोंगरात, इथे पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, जुलै म्हणजे ऐन हिवाळा. धुकं रात्रभर गोठून तारा, कुंपणं, झाडं पांढरीफटक झाली होती. मी आणि शेजारची मोराग नेहमीसारख्या बाजाराला निघालो. खाटकाकडून मटण घेतलं, ग्रंथालयात पुस्तकं बदलली, शेवटी बेकरीत गरम चीज रोल घेतले. बेकरीवाला डूगल म्हणाला, "घरापर्यंत पोचतील का हे, की वाटेतच फन्ना?" मोरागनं त्याच्या देखतच एक संपवला. नवरा गेल्यापासून तिला एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा यूअन धरणाच्या पाण्यावरचा बर्फ तपासायला गेला आणि बर्फ फुटून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. टेकडीवर पुरलाय त्याला. शवपेटीला माझ्या भावानंच खांदा दिला होता. तेव्हापासून मोराग धरणाकडे फिरकत नसे.

त्या दिवशी मात्र छान ऊन पडलं, आणि तीच म्हणाली की धरणाच्या बर्फावरून जाऊ, वाट निम्मी होते. बर्फ जाड असल्याची खात्री करून गावातल्या पुरुषांनी सकाळीच त्यावर दगड घसरवण्याचा खेळ मांडला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते जेवायला गेले होते. दगडापुढचा बर्फ घासायचे त्यांचे झाडू तेवढे तिथे पडलेले.

आम्ही चालू लागलो. बर्फ कण्हतो, तडतडतो, त्याची आम्हाला सवय आहे. पण मधोमध आल्यावर निराळाच आवाज आला. टक्... टक्... बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा, पायाखालून. आम्ही थांबलो की तो थांबायचा. चालू लागलो की बरोबर यायचा. एवढ्या थंडीत कशालाच वास येत नाही, पण मला ओल्या लोकरीचा वास आला.

मोरागनं पिशवी खाली ठेवली आणि गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिनं बर्फावर टकटक केली. खालून तशीच टकटक आली. मग तिनं बर्फाला कान लावला.

"मोराग... ऊठ."

"थांब गं... बोलतंय."

फोनवर ऐकावं तशी ती ऐकत राहिली. मधेच "हो" म्हणाली. जरा वेळानं काहीतरी पुटपुटली, त्यातलं "आहे ना" एवढंच मला कळलं. खालचं मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि काठापर्यंत ओढत आणलं. वळून पाहिलं. बर्फाला तडासुद्धा गेला नव्हता. पिशवी तेवढी तिथे उन्हात होती. ती आणायला मी गेले नाही.

घरी आणून तिला इथेच बसवलं, तुम्ही बसलाय तिथे. चहा दिला. तिचा कान लालबुंद झाला होता. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण ती शांतपणे चहा प्यायली.

"यूअन होता का?" मी शेवटी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं, म्हणून तर बसले. पण तो नव्हता. मला ते ओळखतसुद्धा नव्हतं." तिनं कप खाली ठेवला. "थेल्मा, पिपिट कोण गं?"

पिपिट म्हणजे आमच्याकडे गवतात तुरुतुरु पळणारं पाखरू. मी अगदी लहान असताना आई मला त्या नावानं हाक मारायची. आई लवकर गेली. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नाही, आणि मी ते कुणाला, अगदी नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"ते सारखं विचारत होतं, पिपिट आलीय का. मी म्हटलं, इथे मी आहे आणि थेल्मा आहे." मोराग माझ्याकडे बघत राहिली. "तर म्हणालं, तीच. पुढच्या वेळी तिला एकटीला पाठव."