बिल्कीसखालाची गल्ली

मी वासंती, चिपळूणची. इथे कुवेतमध्ये घरी जाऊन रुग्ण बघणारी नर्स आहे. त्या दुपारचं काम साधंच होतं. हवल्लीतल्या एका जुन्या गल्लीत जाऊन बिल्कीसखालाच्या पायाची जखम बांधायची. ती गल्ली पाडायची होती. घरं रिकामी झालेली, दारांवर बाहेरून पत्रे ठोकलेले. खाला तेवढ्या उरल्या होत्या. मुलगा सर्फराज संध्याकाळी त्यांना सालमियाला आपल्या फ्लॅटवर न्यायला येणार होता.

पट्टी गुंडाळत होते तेवढ्यात धूळ उठली. खिडकीतला उजेड गढूळ, तांबडा झाला. दातांखाली माती कचकचायला लागली.

"आता खंय जाशील? बस गो," खाला म्हणाल्या. दाभोळची बाई, लग्न होऊन या गल्लीत आली ती इथेच म्हातारी झाली. खिडकीकडे बघत त्या हळूहळू सांगू लागल्या. "समोर अबू नबील. पॅलेस्टिनी, शाळेत गणित शिकवायचा. इराकच्या लढाईनंतर त्या सगळ्या पॅलेस्टिनींना देश सोडावा लागला. तो वाटेतच वारला."

समोरच्या बंद घरात पत्र्यावर थाप पडली.

"वारा असेल," मी म्हणाले.

"त्याच्या बाजूला फरीदा. कपडे शिवायची. मशीनवरच मान टाकली बिचारीने."

थाप. आता बाजूच्या घरातून. वारा बाहेरून येत होता आणि थाप आतून...

"खाला, नका ना नावं घेऊ..."

"मी नाही तर कोण घेणार? रोज दुपारी घेते. नाव ऐकलं की शांत होतात."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर शोधायला निघतील."

एकेक घर सांगत त्या जवळ येत होत्या आणि थापाही. शेवटचं घर आमच्या भिंतीला लागून. तिथे खाला अडल्या. ओठ हलले, शब्द येईना. "याचं नाव... काय गो याचं नाव?" भिंतीपलीकडे कोणीतरी नखं ओढत होतं. ओल्या चुन्याचा वास खोलीभर पसरला. मी खालांचा हात घट्ट धरला. तो बर्फासारखा गार होता.

तेवढ्यात सर्फराज आला, धूळ बघून लवकरच निघालेला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. त्या शेवटपर्यंत मान वळवून मागे बघत होत्या.

गल्ली पाडली. सालमियाच्या फ्लॅटवर, सातव्या मजल्यावर, खाला छान सावरल्या. हवल्लीचं नाव काढलं तर नुसतं हसतात. काही आठवत नाही. मलाही बरं वाटलं.

परवा पट्टी बदलून निघाले, तर शेजारच्या मेहविशने मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी खाली.

"दुपारी तुमच्या खालांकडे एवढे लोक कोण येतात? लिफ्ट भरून येतात... कोणी बोलत नाही."

मी वळून खालांच्या दाराकडे बघितलं.

"बाकीचे आत जातात. एकजण मात्र माझंच दार वाजवतो," ती म्हणाली. "आणि मलाच विचारतो... 'सांग, माझं नाव काय?'"