चाकू पोचेपर्यंत

सत्यजित दाणीने सुरक्षारक्षकाच्या पोटात चाकू खुपसला, फिरवून बाहेर काढला आणि डॉ. शर्वरी केरकरला केसांना धरून मंदकाल-कक्षात ओढत नेले. तिच्याच शिफारशीवरून त्याला सकाळी प्रयोगशाळेतून काढून टाकले होते. आत त्याने तिला पाठीमागून आवळले, पुढे ढालीसारखे धरले आणि चाकू तिच्या गळ्याकडे नेला.

त्याच क्षणी संचालिका हळबेबाईंनी कळ दाबली. कक्षातला काळ मंदावला.

रक्षक जागीच गेला. रक्त ओलांडून शर्वरीचा नवरा विश्राम नियंत्रण-खोलीत धावला. पडद्यावर रेडिओलहरींनी टिपलेल्या दोन धूसर आकृती होत्या. चाकू सरकतच होता, अगदी सावकाश.

"आतला एक सेकंद म्हणजे आपली दहा मिनिटं," बाई म्हणाल्या. "चाकू पोचायला पाचेक मिनिटं लागतील."

"गोळी घालता येणार नाही?"

"गोळी आत शिरली की तीही मंदावेल. लहरींचं उलटं होतं. आपण दहा मिनिटं सोडलेल्या लहरी आत एका सेकंदात कोसळतात. त्यांची लांबी आखडते, ऊर्जा वाढते. साधा उजेडसुद्धा आत मारक होतो."

"मग लेसर. त्याच्या मनगटावर."

"लेसर बसवायची घोडी त्याने मोडलीय. खिडकीशी उभं राहून हातात धरावा लागेल."

"मी धरतो. बायको माझी आहे."

कक्षाच्या खिडकीवरची झडप उघडण्यापूर्वी 'अंधार पाळायचा' हा इथला नियम. दिवे गेले, मोबाइल डब्यात गेले. विश्रामने घड्याळाची चमकती तबकडीही बाहीत ढकलली. कक्षाच्या भिंती आणि झडप अतिशीत ठेवलेल्या असत. खिडकी सैंधवाच्या स्फटिकाची होती, कारण प्रयोगांसाठी उष्णतालहरी आत सोडाव्या लागत आणि काच त्या अडवते. एरवी झडप दुरूनच उघडत. आज तो खिडकीला तोंड भिडवून उभा राहिला.

झडप सरकली.

"डावीकडे," कानातल्या यंत्रातून बाईंचा आवाज आला. "आणखी. थांब. सोड."

त्याने किरण सोडला.

"लागला. बोटं उघडताहेत. शर्वरीनेही मान मागे टाकलीय, सुटायला बघतेय. चाकू पडेपर्यंत हलू नकोस."

तो हलला नाही. घाम डोळ्यांत उतरला, तरी त्याने तोंड खिडकीवरून काढले नाही.

"पडला."

बाईंनी मंदकाल-क्षेत्र बंद केले. पोलीस आत घुसले. त्यांनी दाणीला लाथांनी लोळवले, त्याचा खांदा निखळेपर्यंत हात पिरगाळला. त्याच्या मनगटाला सुईएवढे आरपार भोक होते. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता.

शर्वरी भिंतीला टेकून बसली होती. कपाळापासून छातीपर्यंत तिची कातडी करपून सोलली होती. डोळे पांढरे झाले होते.

"किरण चुकला माझा," विश्राम म्हणाला.

"एवढ्या बारीक किरणाने हे होत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग त्याच्या घामेजल्या, तापलेल्या चेहऱ्याकडे. "आपण सगळे दिवे विझवले, विश्राम. जिवंत माणूस अंधारातही उष्णतालहरी सोडत असतो."

आवाजाच्या दिशेने शर्वरीने मान वळवली. तीही याच कक्षावर काम करणारी होती.

"खिडकीत कोण होतं रे?"

तो गुडघ्यांवर बसला, तिच्यावर वाकला.

"मी."

तिने सोललेला चेहरा भिंतीकडे वळवला.

"लांब हो जरा," ती म्हणाली. "तुझी आच लागतेय."